तीन बोटांचा माग

ऑक्टोबर लागला तरी वाऱ्याचा पत्ता नव्हता. रात्रभर हवेतून नुसतं पाणी गळत होतं. केबिनच्या पत्र्यावरून दव टपकत होतं, दोरीवरची लुंगी वाळत घातली तेव्हापेक्षा ओली झाली होती, आणि समुद्र निवलेल्या पेजेसारखा साय धरून पडला होता.

दाजी खवणेकराने दार उघडलं, पण पाय लगेच बाहेर टाकला नाही. आधी उंबऱ्यात उभं राहून त्याने पायरी बघितली. पायरीवर लेंड्या होत्या. काळ्या, ताज्या, उकड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. पंचेचाळिशीचा गडी, वेंगुर्ल्याच्या दर्यावर वादळात जाळं ओढलेला, पण उंदराची लेंडी दिसली की त्याच्या तळपायांना घाम सुटे.

"बाळये," त्याने हळूच हाक मारली. "गो बाळये, खय गेलंस?"

मांजर आली नाही. दाजीने पायरीवर बादलीभर खारं पाणी ओतलं, भिंतीला टेकवलेली वाढवण घेतली आणि कामाला निघाला. ही वाढवण, म्हणजे झाडू, त्याने स्वतः खजुरीच्या हिरांची बांधली होती. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या झाडूला तो झाडू मानत नसे.

त्याचं काम म्हणजे वाळू वाचायचं. बेट एवढंसं, मधोमध कमरेसारखं आवळलेलं. उत्तरेच्या टोकाला केबिन, जनरेटर आणि पाण्याची टाकी. दक्षिणेचं टोक पाणकावळ्यांचं. थंडीच्या तोंडावर हे काळे पक्षी हजारोंनी येत आणि उघड्या खडीवर खळगे करून अंडी घालत. ना झाड ना झुडूप. अंडं जमिनीवर, पिल्लूही जमिनीवर. बहारीनच्या आसपास त्यांना अशा निवांत जागा फार उरल्या नव्हत्या, म्हणून वन्यजीव ऑफिसने दाजीला राखणीला ठेवलं होतं. बेटाच्या कमरेवर, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, बारीक वाळूचा पट्टा अंथरलेला होता. तो दाजीने संध्याकाळी झाडून गुळगुळीत करायचा आणि रात्रीत त्याच्यावरून पक्ष्यांकडे कोण गेलं ते सकाळी पावलांवरून बघायचं. दिवेलागणीनंतर झाडू धरायचा नाही हा घरचा रिवाज त्याने इथेही सोडला नव्हता. सूर्य बुडायच्या आत पट्टा झाडून तो मोकळा होई.

त्या सकाळी पट्ट्यावर उंदरांची पावलं होती, बारीक पावलं आणि मधून शेपटीची रेघ. आणि त्यांना कापून सरळ दक्षिणेला गेलेली मांजराची पावलं. पुढच्या उजव्या पंजाला चाराऐवजी तीन बोटं.

"रांडे!" दाजी पुटपुटला. "तुका किती सांगलंय, थय जाव नको म्हणान!"

तो माग धरून पलीकडे गेला. पाणकावळ्यांची पहिली टोळी येऊन बसली होती. काठावर दोन पंख पडले होते आणि त्यांच्या मधे काही नव्हतं.

दाजी तसाच मागे फिरला. आज लाँचचा दिवस होता. लाँचच्या दिवशी ऑफिसच्या मुनीरा मॅडम स्वतः पट्टा बघत आणि त्यांचा हुकूम होता, की त्या येईपर्यंत वाळूला हात लावायचा नाही. दाजीने समुद्राकडे बघितलं. अजून लाँच दिसत नव्हती. मग त्याने वाढवण फिरवली. तीन बोटांचा माग तेवढा पुसला. दोन्ही बाजूंची उंदरांची पावलं राहू दिली.

*

दाजी उंदराला एवढा का भिई, ते त्याने बायकोलासुद्धा धड सांगितलेलं नव्हतं.

तो सात-आठ वर्षांचा असतानाची गोष्ट. धाकटी बहीण शेवंती तेव्हा पाळण्यात होती. लावणीचे दिवस, घरातली मोठी माणसं दमून मेल्यासारखी निजलेली. ती जी किंचाळली, ती किंचाळी दाजीच्या कानात अजून होती. आयेने दिवा आणला तेव्हा पाळण्यातून काहीतरी जाड, मऊ खाली उडी मारून गेलं. शेवंतीच्या डाव्या कानाची पाळी नव्हती. पुढे शेवंती मोठी झाली, लग्न झालं, चार पोरं झाली. पण आजही ती केस डाव्या बाजूला ओढूनच बांधते. त्या रात्रीनंतर दाजीच्या घरी रात्री उंदराचं नाव कुणी घेत नसे, 'मामा' म्हणत. आणि दाजी मांजराशिवाय निजत नसे. आधी गावच्या घरी, मग होडीवर, आणि पुढे बहारीनमधल्या सलमाबादच्या कामगार कॅम्पात, जिथे एका खोलीत आठ जण दुमजली खाटांवर झोपत. तिथेच त्याला बाळी मिळाली, वर्कशॉपच्या लोखंडी दारात पंजा चिरडलेली, हाडकुळी, करड्या पट्ट्यांची.

बेटावरची नोकरी कुणी घ्यायला तयार नव्हतं. दाजी हो म्हणाला, एकटा निजायला मिळेल म्हणून. बेटावर उंदीर आहेत हे त्याला कुणी सांगितलं नाही. केबिन बांधताना सिमेंटच्या पोत्यांतून आले होते ते. पहिल्या रात्री तो खुर्चीवर पाय वर घेऊन बसून राहिला. पुढच्या फेरीला त्याने बाळीला मासळीच्या टोपलीत घातलं, वर सुके बांगडे रचले आणि आणलं. बेटावर प्राणी आणायला सक्त मनाई होती. सापडला असता तर व्हिसा कॅन्सल. बाळीचं ठाऊक असलेला माणूस एकच, लाँचचा तांडेल उस्मान, रत्नागिरीकडचा. त्याने टोपलीतलं म्यावम्याव ऐकलं आणि इंजिनाचा आवाज वाढवला.

बाळी आली ती पोटुशी होती. तिची दोन पिल्लं मोठी होऊन खडकांत रानटी झाली; ती ऑफिसच्या लोकांनी पाहिली होती, पण कुठून आली ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाळी मात्र रोज रात्री दाजीच्या पायाशी येऊन निजे. तिची घरघर ऐकू आली की दाजीचा डोळा लागे.

*

लाँच लागली तेव्हा उस्मानने दोर फेकता फेकताच तोंड उघडलं.

"दाजी, ऐकलास काय? सुरतेत पिलेग आलाय पिलेग! उंदरांपासनं. हिकडल्या देशांनी मुंबईची विमानां बंद केल्यानी. कॅम्पात कोण नुसता शिंकला तरी बाकीचे खोलीच्या भायर पलतात."

दाजीच्या हातातला दोर सुटला.

"अरे दोर धर, दोर! तुला नाय झाला पिलेग अजून."

"मस्करी करू नको उस्मानभाई. माका भ्यां वाटता."

"भ्यां कसला? तुजी राणी हाय ना पहारा द्यायला?" उस्मानने आवाज खाली आणला. "बायकोला तरी कधी एवढा जपलास काय रे?"

मुनीरा मॅडम मागून उतरल्या. बहारीनमधल्याच मुहर्रक शहरच्या, तिशीच्या आत-बाहेरच्या, जनावरांच्या डॉक्टर. लहानपणी सांभाळणाऱ्या हैदराबादी बाईकडून हिंदी शिकलेल्या. त्या सरळ पट्ट्याकडे गेल्या आणि वाकून बघू लागल्या. रात्रीच्या दवाने वाळूवर पापडासारखी पातळ खपली धरली होती. एका ठिकाणी मात्र ती फुटून खालची वाळू वर आली होती.

"दाजी. यहाँ आज सुबह झाडू मारा?"

दाजीची जीभ आपसूक चालली. "मॅडम, हम लोग का आदत है. गाव में सुबू उठा के पयला आंगन मारता. हाथ चालू हो गया, फिर याद आया, आज लाँच है. तो छोड दिया."

मॅडमनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग हसल्या. "मेरी अम्मी भी ऐसी ही है. अगली बार मत करना."

हसल्या, म्हणून दाजीला जास्तच भीती वाटली.

मॅडमनी मग दोघांना सावलीत बसवून पेच सांगितला. उंदीर आणि मांजर, दोन्ही बेटाचे नव्हेत, दोन्ही माणसाने आणलेले. उंदीर अंडी फोडतात, मांजर पिल्लांना आणि बसल्या पक्ष्याला धरते. ऑफिसने या हंगामाला एकाचंच काम मंजूर केलं होतं. आधी मांजरं काढली, तर त्यांच्या धाकात असलेले उंदीर मोकाट वाढतील. आधी उंदीर मारले, तर उपाशी मांजरं पक्ष्यांवर तुटून पडतील. चुकलं तर पक्षी घरटी टाकून जातील, आणि एकदा गेले की परत येतीलच असं नाही.

"दोनों बाहर के हैं," मॅडम म्हणाल्या. "यहाँ का कोई नहीं."

"आपणपण भायरचेच, दाजी," उस्मान कानाशी कुजबुजला. "आपला नंबर कधी?"

दाजीला हसू आलं नाही. मॅडम त्याच्याकडे वळल्या. "तुम यहाँ रहते हो. बिल्ली का पैर देखा कभी इस तरफ?"

दाजीने दूर पाणकावळ्यांकडे पाहिलं. ते मान उंच करून उन्हात पंख पसरून उभे होते. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र पायरीवरच्या लेंड्या होत्या.

"नहीं मॅडम. चूहाच जाता. बहुत चूहा."

मॅडमनी उठून पँटची वाळू झटकली. "ठीक है. चूहा."

लाँचवर सामान चढवताना उस्मानने दाजीचा दंड धरला. "बाळीला दे माज्याकडं. सलमाबादला नेतो. आमच्या खोलीवर उंदरां काय कमी हायत?"

"आणि मी निजू कसो?"

"बाकी दुनिया निजते तसा! डोळे मिटून."

"नको उस्मानभाई."

"बघ बावा. ज्यानी आणलान त्यानीच निस्तारायचा."

*

पुढच्या फेरीला पाइपचे तुकडे आले. तोंडं अरुंद, फक्त उंदीर शिरेल एवढी, आत विषाच्या निळ्या गोळ्या. दाजीने आणि मॅडमनी मिळून ते बेटभर मांडले. मॅडमनी बजावलं, की गोळी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस झिंगत फिरतो आणि मग मरतो. त्याला हात लावायचा नाही.

दाजीने त्याच संध्याकाळी बाळीला केबिनमध्ये कोंडलं.

तिला झिंगलेला उंदीर सापडला तर ती खाणार, हे कळायला डॉक्टर व्हायला नको होतं. बाळी पहिल्या दिवशी दारावर ओरबाडत राहिली. मग ओरडू लागली, तान्ह्या पोरासारखी. दाजीने तिच्यापुढे ताजी शेरी मासळी ठेवली, सुकट ठेवली, डब्याचं दूधसुद्धा दिलं. "खा गो. तुज्याच भल्यासाठी असा." ती खाई आणि पुन्हा दाराशी जाऊन बसे. लाँच यायची असली की दाजी रेडिओ मोठ्याने लावून ठेवी. एकदा मॅडम पाणी प्यायला केबिनच्या पायरीपर्यंत आल्या. दाजी धावत पुढे झाला आणि ग्लास बाहेरच दिला. आत बाळी खाटेखाली होती. ती त्या वेळी नेमकी गप्प राहिली, पण दाजीच्या हातून अर्धं पाणी पायरीवर सांडलं. "मलेरिया तो नहीं?" मॅडमनी विचारलं. 

फरशीखालून आवाज येत. आधी धावपळ, मग फरफट, मग नुसती धाप. दाजी खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसे. मरणारे उंदीर जिवंत उंदरांपेक्षा वाईट, असं त्याला वाटे. कारण ते पळत नाहीत. हळूहळू वास सुटला आणि काही दिवसांनी वासही गेला. एका सकाळी पायरी कोरी होती. पट्टाही कोरा होता.

मॅडमनी बेट पुन्हा पुन्हा तपासलं. खडकांत त्यांना दोन मांजरं मेलेली सापडली, तरणी, करड्या पट्ट्यांची. विष खाल्लेले उंदीर खाऊन गेलेली.

"चूहा खलास," त्या म्हणाल्या. "बिल्ली भी खलास. अल्ला ने दोनों काम एक साथ कर दिए. अब ऑफिस बोलेगा, टापू साफ."

उस्मान दाजीकडे बघत होता. दाजी मेलेल्या पिल्लांकडे. बाळीच्याच रंगाची होती दोन्ही.

विषाच्या गोळ्या उचलून झाल्या तशी दाजीने केबिनचं दार उघडं टाकलं. बाळी उंबऱ्यात थांबली, मिशा ताठ करून हवा हुंगली आणि गेली. त्या रात्री ती पायाशी आली नाही, नंतरही कधी आली नाही. दाजी संध्याकाळी मासळीचं डोकं ठेवून हाका मारी. सकाळी ते डोकं तसंच असे, त्याला मुंग्या लागलेल्या. म्हणजे तिला दुसरीकडे खायला मिळत होतं. कुठे, ते दाजीला कळत होतं. तो तिकडे बघत नव्हता.

उंदीर गेले होते, तरी त्याला झोप नव्हती. पूर्वी आवाज आला की भीती वाटे. आता आवाज नाही म्हणून वाटे.

*

डिसेंबरात वायव्येचा शमाल वारा सुटला. गार, कोरडा, कानात वाळू भरणारा. रात्रभर केबिन हलत राहिली आणि पहाटे वारा एकदम पडला.

दाजी पायरी बघून बाहेर आला. मफलर गुंडाळून, वाढवण घेऊन पट्ट्याकडे निघाला. वाटेतच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दक्षिणेकडून आवाज नव्हता. पिल्लं बाहेर पडल्यापासून तिकडे रोज बाजार भरे. हजारो पक्ष्यांची खरखर, पिल्लांची चिरचिर, दर्याच्या गाजेवरही ऐकू येई असा कल्ला. आज गप्प.

पट्ट्यावर वारा पडल्यानंतर उमटलेली पावलं होती. जाताना तीन बोटं. येताना तीन बोटं, आणि शेजारी काहीतरी ओढत नेल्याचा खरवडा, मधे मधे काळपट थेंब.

तो पलीकडे चढला आणि जागच्या जागी उभा राहिला. सगळे पाणकावळे एकाच दिशेला तोंड करून उभे होते, बेटाच्या कमरेकडे. हजारो हिरवे डोळे, मान ताठ, चोची किंचित उघड्या. कुणी हलत नव्हतं, कुणी उडत नव्हतं. दाजीला वाटलं, ते आपल्याकडेच बघतायत. मग कळलं, की रात्रभर ते असेच वाटेकडे बघत असणार.

काठचे खळगे रिकामे होते. एकात तेवढं एक पिल्लू होतं, जिवंत, अंगावर पांढरी लव आलेलं. त्याच्या डोक्याची डावी बाजू कुरतडलेली होती. ते ओरडायला चोच उघडत होतं आणि आवाज येत नव्हता. आई त्याच्यावर पंख धरून उभी होती. दाजी एवढा जवळ गेला तरी ती उडाली नाही. नुसती थरथरत राहिली.

दाजी खाली बसला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला.

"शेवंते," तो म्हणाला. मग म्हणाला, "ह्येंचो मामा मीच आणलंय गो."

लाँच दुपारच्या आत येणार होती. मॅडमना सांगायचं काय? वाळू झाडली तर काहीच सांगायला नको होतं. बेट साफ आहे असं ऑफिस म्हणत होतं, दोन मांजरं मेलेली सगळ्यांनी पाहिली होती, तिसरीचं नावही उस्मानशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बाळी हाताला लागत नव्हती, नाहीतर गुपचूप टोपलीत घालून उस्मानच्या हवाली केली असती. आता तिला धरायचं तर मॅडमकडून सापळे मागवायला हवेत, आणि सापळे हवेत तर माग दाखवायला हवा. माग दाखवला की विचारणार, तीन बोटांची ही कोण? कुणी आणली? त्या दिवशी झाडू का मारला होतास? मग व्हिसा, मग विमान. आणि सापळ्यात सापडलेल्या बाळीचं त्या काय करतील, हे विचारायचं धाडस त्याला एवढ्या महिन्यांत झालं नव्हतं. सुई टोचतील. किंवा उस्मानला देतील. देतीलसुद्धा. पण कुठल्याही वाटेने बाळी बेटावर राहत नव्हती, आणि तिच्याशिवायची रात्र मात्र राहत होती.

दाजी कमरेकडे परतला. पट्ट्यापाशी उभा राहिला. वाढवण हातातच होती. वारा पुन्हा उठायच्या बेतात होता, वाळूचे बारीक कण पावलांच्या कडांवरून सरकू लागले होते. थोडं थांबलं असतं तर वाऱ्यानेच पुसलं असतं. कुणाला काही करायलाच नको होतं.

त्याने वाढवण खाली टाकली आणि केबिनकडे पळाला. एरवी त्याला स्वतःचंच हसू आलं असतं असा तो धावत होता, लुंगी गुडघ्यावर, मफलर सुटलेला. सिमेंट कालवायचं लोखंडी घमेलं घेऊन तो परत आला, तेव्हा एका पावलाच्या तीन बोटांतलं एकच जेमतेम उरलं होतं, पण पुढचं तीन बोटांचं पाऊल अजून ठसठशीत होतं. त्याच्यावर त्याने घमेलं पालथं घातलं. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दोन धोंडे ठेवले. पुढचा ओढल्याचा खरवडा आणि थेंब होते तिथे केबिनची पायरी पुसायचं फडकं अंथरून त्याच्या कडांना खडे लावले.

दूर समुद्रावर लाँच दिसू लागली होती. अजून ठिपक्याएवढीच.

"काय सांगतलंय आता?" त्याने स्वतःलाच विचारलं. तळपायांना गार वाळूतही घाम होता.

त्याने वाढवण उचलली, मफलर कमरेला बांधला आणि घमेल्यापासून आणि फडक्यापासून हातभर जागा सोडून, मॅडमची नजर पहिली तिथेच जाईल अशा बेताने, नेहमीसारखा मागे मागे सरकत, उरलेला पट्टा झाडायला घेतला.